मचाणाखालची छाटणी : शिकारीच्या जमिनीवर बॅटरीवरची पोल सॉ वापरताना

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या कानाला 'शिकारीची जमीन' हे शब्द जरा खटकतातच, आणि ते साहजिक आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून आपल्याकडे शिकार हा विषय आजोबांच्या गोष्टींपुरताच उरत गेला. अमेरिकेतल्या मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत मात्र हरणांच्या हंगामासाठी राखलेली खासगी रानजमीन ही अगदी सर्वसामान्य गोष्ट आहे. परवाना कोणाला, हंगाम कधी आणि एकाने किती हरणे मारायची हे सारे राज्य सरकार ठरवते, आणि त्या चौकटीत शेतकरी, शिक्षक, कारखान्यातले कामगार असे सगळेच शिकारीला जातात. माझ्या ओळखीतल्या काही मराठी कुटुंबांनीही मिशिगनमध्ये अशी जमीन विकत घेतली आहे किंवा मित्रांबरोबर भाड्याने धरली आहे. त्यांतले काही जण स्वतः शिकार करतात, तर काही जण केवळ रान सांभाळतात. पण झाडांच्या फांद्या आवरण्याचे काम दोघांनाही चुकत नाही. ज्यांनी आजवर लांब दांड्याची विजेची करवत हातात धरलेली नाही, अशा नव्या मंडळींसाठी हा लेख आहे.

या करवतीला इथे अमेरिकेत सगळेच 'पोल सॉ' म्हणतात, म्हणून मीही तेच नाव वापरतो. आठ-दहा फुटांच्या दांड्याच्या टोकाला बसवलेली छोटी चेन सॉ, म्हणजे पात्याभोवती दातेरी साखळी (चेन) फिरवून कापणारी करवत, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. कोकणातली आकडी बांधलेली काठी ज्याने वापरली आहे, त्याला तिची कल्पना लगेच येईल. फरक एवढाच, की आकडी ओढून फांदी मोडते आणि ही तीच फांदी काही सेकंदांत कापते. तिचा खरा फायदा म्हणजे शिडीची गरज उरत नाही आणि पाय जमिनीवर राहतात. तोटाही तिच्या सोपेपणातच आहे. हात चालू लागला की थांबत नाही, आणि दुपारपर्यंत जे रान हरणाला आडोशाचे वाटत होते ते संध्याकाळी उघडेबोडके होऊन बसते.

आधी परवानगी आणि पंचांग

जमीन आपली असेल तर प्रश्न नाही. ती भाड्याची असेल, तर फांद्या छाटण्याची परवानगी करारात लिहिलेली आहे का ते पाहावे आणि नसेल तर मालकाकडून लेखी घ्यावी. 'शिकारीची परवानगी दिली म्हणजे छाटणीची आलीच' असा समज करून घेतल्याने चांगले संबंध बिघडलेले मी पाहिले आहेत. मिशिगनच्या सरकारी जमिनीवर तर मचाणापासून हरणापर्यंत बाणासाठी वाट मोकळी करण्याकरिता झाडे किंवा फांद्या तोडणे बेकायदेशीर आहे. तिथे ही करवत गाडीतून बाहेर काढूच नये.

दुसरी गोष्ट वेळेची. मिशिगनमध्ये ओकची झाडे १५ एप्रिल ते १५ जुलै या काळात छाटू नयेत, असे राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते सांगते. याचे कारण 'ओक विल्ट' हा बुरशीचा रोग. ताज्या जखमेतून पाझरणाऱ्या रसाच्या वासाने बारीक भुंगेरे थोड्याच वेळात तिथे पोहोचतात आणि आजारी झाडावरची बुरशी निरोगी झाडात आणून सोडतात. लाल ओकच्या गटातले झाड एकदा लागण झाली की काही आठवड्यांत वाळते, आणि शेजारच्या ओकची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असली तर रोग तिकडेही सरकतो. या काळात वादळाने फांदी मोडली किंवा चुकून कापली गेली, तर ती जखम त्याच क्षणी रंगाने झाकावी. साधा लेटेक्स रंगही चालतो. एरवी जखमेला रंग फासण्याची गरज नसते. राज्य बदलले की तारखाही बदलतात, हेही लक्षात ठेवावे. टेक्ससमध्ये टाळायचा काळ फेब्रुवारी ते जून असा आहे.

म्हणून मुख्य छाटणीसाठी फेब्रुवारी आणि मार्च हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटतात. पाने नसल्यामुळे फांद्यांची ठेवण स्पष्ट दिसते, झाड सुप्तावस्थेत असते, गोचिडांचा त्रास कमी असतो, पक्ष्यांची बहुतेक घरटी रिकामी असतात आणि हंगामाला अजून सात-आठ महिने असल्यामुळे आपल्या वावराचा वास आणि बदललेले दृश्य हरणांच्या अंगवळणी पडायला भरपूर अवधी मिळतो. धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला आणि बंदुकीचा १५ नोव्हेंबरला सुरू होतो. सप्टेंबरच्या अखेरीस करवत घेऊन रानात शिरणे म्हणजे पाहुणे दारात आल्यावर भिंती रंगवायला घेण्यासारखे आहे. हिवाळ्यात एक अडचण मात्र असते. पानांनी लगडल्यावर कोणती फांदी खाली वाकून आड येईल, हे तेव्हा दिसत नाही. त्यासाठी ऑगस्टमध्ये एक छोटी फेरी ठेवावी आणि तिच्यात फक्त बारीक डहाळ्या काढाव्यात.

करवत निवडताना

दुकानात पहिली चौकशी व्होल्टची होते, पण हाताला व्होल्टपेक्षा वजन जास्त जाणवते. काही पोल सॉमध्ये मोटर वर, पात्याजवळ असते, तर काहींमध्ये ती खाली असून दांड्यातल्या शाफ्टने वर फिरवली जाते. मोटर वर असलेली करवत टोकाला जड लागते आणि दांडा पूर्ण लांबवल्यावर ते वजन खांद्याला कळते. शक्य असेल तर दुकानातच ती पूर्ण लांब करून दोन मिनिटे तिरकी धरून पाहावी. दोन मिनिटांत हात थरथरू लागला तर रानात ती तासभर चालवणे जमणार नाही. मागच्या टोकाला बसणारी बॅटरी थोडेफार प्रतिवजनाचे काम करते, त्यामुळे करवत बॅटरी लावूनच तोलून पाहावी. खांद्याचा पट्टा मिळत असेल तर तो जरूर घ्यावा.

दांडे दोन प्रकारचे येतात : एकात एक सरकणारे आणि तुकडे जोडून लांब होणारे. सरकणारा दांडा रानात झटपट कमी-जास्त करता येतो. जोडायचा दांडा अधिक ताठ असतो आणि लांब केल्यावर कमी लवतो. पाते बहुधा ८ किंवा १० इंचांचे असते. ८ इंची पात्याने ४ ते ५ इंच जाडीची फांदी निवांत कापता येते, आणि त्याहून जाड फांदी जमिनीवरून पोल सॉने कापण्याचा हव्यास नवख्याने धरू नये हे बरे.

घरात डीवॉल्ट, मिलवॉकी, रयोबी, एगो यांपैकी एखाद्या कंपनीची हत्यारे आधीच असतील, तर त्याच बॅटरीवर चालणारी पोल सॉ घेणे शहाणपणाचे आहे, कारण या हत्यारांत बॅटरीचा खर्चच मोठा असतो. बॅटरीची खरी ताकद वॉट-तासांत मोजावी, म्हणजे व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची होते, तर ५६ व्होल्ट आणि अडीच अँपिअर-तासांची १४० ची. जाहिरातीत दिलेला 'एका चार्जमध्ये इतके काप' हा आकडा बहुधा मऊ लाकडाच्या चौकोनी ओंडक्यावरचा असतो. थंडीतल्या ओकवर तितके काप मिळण्याची अपेक्षा धरू नये. दोन बॅटऱ्या असल्या की अर्ध्या दिवसाचे काम आरामात होते.

उंचीच्या जाहिरातीविषयीही एक गणित सांगतो. डब्यावर लिहिलेल्या '१५ फूट पोहोच' या दाव्यात तुमची स्वतःची उंची आणि वर केलेले हातही मोजलेले असतात. दांडा कधीही उभा धरायचा नसतो. जमिनीशी त्याचा कोन ६० अंशांहून जास्त होऊ देऊ नये. १० फुटांचा दांडा ६० अंशांत धरला तर तो उभ्या दिशेत साधारण पावणेनऊ फूट जातो, त्यात कमरेजवळच्या हाताची चार फूट उंची मिळवली की पोहोच पावणेतेरा फुटांपर्यंत येते. आपल्या कामाची उंची हीच, असे धरून चालावे.

घरी करायची तयारी

गॅरेजमध्ये, बॅटरी काढून ठेवलेली असताना, चेनचा ताण पाहावा. पात्याच्या मधोमध चेन बोटांनी वर ओढली की ती थोडी उचलली जावी, पण तिचे आतले दात खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि सोडल्याबरोबर ती चटकन जागेवर बसावी. हातमोजे घालून ती हाताने फिरवली तर न अडखळता फिरली पाहिजे. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात सैल होते, तेव्हा रानात पुन्हा एकदा ताण पाहण्याची तयारी ठेवावी. चेन उलटी बसवण्याची चूक अनेकांच्या हातून होते : पात्याच्या वरच्या कडेवर दातांची धार टोकाकडे तोंड करून असली पाहिजे. उलट्या चेनने लाकूड कापले जात नाही, नुसता धूर येतो.

चेन ऑइलची टाकी भरावी आणि ते खरोखर येते आहे का ते तपासावे. पुठ्ठ्यासमोर, त्याला न टेकवता, पाते काही सेकंद चालवले की पुठ्ठ्यावर तेलाचे बारीक शिंतोडे दिसायला हवेत. सफरचंदाच्या झाडांजवळ किंवा ओढ्याकाठी काम असेल तर मी वनस्पतिजन्य तेल वापरतो.

रानात पोहोचल्यावर

हेल्मेट, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा, घट्ट बसणारे हातमोजे, टाचेशी न घसरणारे बूट आणि अंगाबरोबर बसणारे लांब बाह्यांचे कपडे एवढे हवेच. करवतीच्या दिशेने पाहताना तोंड वर असते आणि भुसा नेमका डोळ्यांत येतो, म्हणून साध्या चष्म्यावर भागवू नये. भगवे जाकीट घालावे. बरोबर एक माणूस असावा, पण करवत चालू असताना तो ५० फूट लांब असावा. बॅटरीच्या करवतीचा आवाज पेट्रोलच्या करवतीपेक्षा खूपच कमी असतो, त्यामुळे ती चालू आहे की बंद हे दुरून कळत नाही. जवळ येण्याआधी हाक मारायची आणि 'ये' असे उत्तर ऐकूनच पाऊल टाकायचे, असा नियम आम्ही ठरवून घेतला आहे.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक झाडाखाली उभे राहून वर पाहावे. विजेची तार दिसली तर करवत, दांडा आणि आपण स्वतः तिच्यापासून किमान १० फूट दूर राहायचे. दांडा ॲल्युमिनियमचा असो की फायबरचा, या करवती विजेपासून संरक्षण देण्यासाठी बनवलेल्या नसतात. तारेला टेकणारी फांदी वीज कंपनीला कळवावी. ती छाटणे तिचे काम आहे, आपले नाही.

मिशिगनच्या रानात दुसरा धोका उभ्या वाळलेल्या ॲशच्या झाडांचा. आशियातून आलेली 'एमराल्ड ॲश बोरर' ही हिरव्या रंगाची कीड २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात प्रथम ओळखली गेली आणि तिने तेव्हापासून कोट्यवधी ॲश झाडे मारली. मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. खालच्या फांदीला करवतीचा हादरा बसला की वरची तुटून अंगावर येऊ शकते. साल सुटलेला, खारींच्या दातांनी खरवडल्यासारखा फिकट दिसणारा ॲश असेल तर त्याच्याखाली उभेच राहू नये. वादळात तुटून दुसऱ्या फांदीवर अडकलेल्या फांद्यांनाही हाच नियम लागू आहे. अशा फांद्यांना खालून पोल सॉ लावण्याची कल्पना मोहक असते आणि वाईट असते.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवी. खोडावर केसाळ दोरखंडासारखी चढलेली वेल दिसली, तर ती पॉयझन आयव्ही समजावी. हिवाळ्यात तिची तीन-तीन पाने गळून गेलेली असतात, पण चीक तितकाच तिखट असतो. ही वेल आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातली आहे. ज्याला बिब्बा उततो म्हणजे काय होते हे ठाऊक आहे, त्याला अधिक सांगायला नको. चेन सॉ या वेलीतून गेली की चिकाचे तुषार बाह्यांवर, मानेवर आणि दांड्यावर उडतात, आणि दोन दिवसांनी नेमके कुठे उडाले होते ते अंगावर उमटते. मला ते पहिल्याच वर्षी मनगटावर दिसले होते. त्या झाडाला सोडून द्यावे, आणि तोडलेली वेल कधीही जाळू नये, कारण धुरातूनही तिचा त्रास फुप्फुसांपर्यंत पोहोचतो.

मचाणावरचा माणूस आणि खालचा माणूस

कोणती फांदी कापायची हे जमिनीवरून ठरवता येत नाही. नवख्याची सर्वांत मोठी चूक हीच असते. तो खाली उभा राहतो, त्याला जे आड येते ते कापतो, आणि हंगामात मचाणावर चढून बसल्यावर त्याच्या लक्षात येते की ज्या डहाळीमुळे बाण वळणार आहे ती तशीच आहे आणि जिच्यामुळे आपण हरणाला दिसलो नसतो ती गेली आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहू. मचाणाची फळी १८ फुटांवर आहे आणि बसलेल्या माणसाचे डोळे सुमारे २१ फुटांवर आहेत असे धरा. हरीण २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर उभे आहे आणि बाण त्याच्या छातीवर, जमिनीपासून ३ फुटांवर लागायला हवा. डोळ्यापासून तिथपर्यंत सरळ दोरी ताणली तर मचाणाच्या झाडापासून १५ फूट अंतरावर ती दोरी साडेसोळा फूट उंचीवर असेल, ३० फुटांवर १२ फूट उंचीवर, आणि ४५ फुटांवर साडेसात फूट उंचीवर. म्हणजे मचाणाजवळच्या फांद्या पोल सॉच्या आवाक्याबाहेर आहेत, मधल्या टप्प्यातल्या नेमक्या तिच्या आवाक्यात आहेत, आणि हरणाजवळच्या फांद्यांना साधी हातकरवत पुरते. पोल सॉचे काम मधल्या पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा फार लांब नसतो. बाण सरळ रेषेत न जाता थोडी कमान घेऊन जातो, म्हणून दोरीच्या रेषेच्या वरही हातभर जागा मोकळी लागते.

प्रत्यक्षात आम्ही हे असे करतो. एक जण संपूर्ण शरीराचा सुरक्षा पट्टा लावून, जमिनीपासूनच दोराला जोडून घेऊन मचाणावर चढतो आणि शिकारीच्या वेळी बसेल तसा बसतो. दुसरा खाली एका लांब काठीला नारिंगी फीत बांधून वाटेवरून चालतो. वरचा 'डावीकडे', 'अजून वर', 'हीच' असे सांगतो, आणि खालचा त्या फांदीला काठीने स्पर्श करून, हाताला येत असेल तर फीत बांधून, नाहीतर बुंध्याला खडूने खूण करून पुढे जातो. या फेरीत करवत कोणाच्याही हातात नसते. सगळ्या खुणा झाल्या की वरचा खाली उतरतो, मगच कापायला सुरुवात होते. मचाणाजवळच्या दोन-चार डहाळ्या वर बसूनच, सुरक्षा पट्टा लावलेला असताना, घडीच्या छोट्या हातकरवतीने काढता येतात. मोटरची पोल सॉ मचाणावर किंवा शिडीवर नेणे मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

किती वाटा मोकळ्या करायच्या? धनुष्यासाठी दोन किंवा तीन, आणि प्रत्येक तीन-चार फूट रुंद, एवढे मला पुरेसे वाटते. मचाणापासून ताऱ्याच्या किरणांसारख्या सहा सरळ वाटा काढल्या तर आपल्याला सगळीकडे दिसते हे खरे, पण मग हरणालाही सगळीकडून मचाण दिसते. पाठीमागच्या फांद्यांना हात लावू नये. त्या नसल्या की बसलेल्या माणसाची आकृती आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसते. पांढऱ्या ओकच्या ज्या फांद्यांखाली दरवर्षी फळांचा सडा पडतो त्या राखाव्यात, कारण हरीण तिथे येते ते त्या फळांसाठी.

आणखी एक डहाळी आहे, जी नवख्याच्या डोळ्यांना कचरा वाटते. पायवाटेवर माणसाच्या छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवर लोंबणारी, टोके चावल्यासारखी आणि मोडलेली अशी ती असते, आणि तिच्याखालची माती खुरांनी उकरलेली असते. नर हरणे तिला तोंडाने चाटतात, कपाळ घासतात आणि आपला वास मागे ठेवतात. इथले शिकारी तिला 'लिकिंग ब्रांच' म्हणतात. एका मार्च महिन्यात वाट 'स्वच्छ' करण्याच्या उत्साहात मी अशी डहाळी कापली आणि बरोबरचा मित्र काही न बोलता कापलेल्या डहाळीकडे नुसता पाहत राहिला. तेव्हापासून मातीकडे पाहिल्याशिवाय मी वर पाहत नाही.

फांदी कापताना

फांदीच्या थेट खाली कधीही उभे राहू नये. फांदी जिथे पडेल त्याच्या बाजूला उभे राहावे, दांडा तिरका धरावा आणि मागे सरकायला दोन-तीन पावलांची वाट आधीच साफ करून ठेवावी. फेब्रुवारीत बर्फाखाली दडलेले ओंडके याच वेळी पायात येतात. दोन्ही हात दांड्यावर असावेत. चेन फांदीला टेकण्याआधी पूर्ण वेगात आलेली असावी. पात्याच्या मुळाशी जो टेकू किंवा आकडा असतो तो फांदीला टेकवून घ्यावा, म्हणजे पहिला झटका हाताला न बसता फांदीला बसतो. त्यानंतर दाबायचे नाही. करवतीच्या वजनानेच ती खाली उतरते. दाबावे लागत असेल तर चेन बोथट झालेली आहे.

अंगठ्याएवढी डहाळी एका कापात जाते. मनगटाएवढ्या आणि त्याहून जाड फांदीला तीन काप द्यावेत. पहिला काप खालून, खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर, जाडीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. हा काप पात्याच्या वरच्या कडेने होतो आणि त्या कडेवर चेन आपल्यापासून दूर धावत असते, त्यामुळे करवत आपल्या दिशेने मागे ढकलली जाते. त्यासाठी पाय घट्ट रोवलेले असावेत. दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन इंच टोकाकडे. फांदी या ठिकाणी मोडून पडते आणि खालचा काप साल सोलत जाण्याला अडवतो. तिसऱ्या कापाने उरलेला ठोंब काढायचा. पहिल्या वर्षी मी हा खालचा काप वेळ वाचवण्यासाठी वगळला आणि मेपलच्या खोडावरून दोन फूट लांब सालीची पट्टी फांदीबरोबर सोलून आली. ती जखम अजून पुरती भरलेली नाही.

तिसरा काप नेमका कुठे द्यायचा हे समजण्यासाठी झाड जवळून पाहावे लागते. फांदी जिथे खोडातून निघते तिथे खालच्या बाजूला थोडी फुगीर कड असते आणि वरच्या बेचक्यात सालीची सुरकुतलेली रेघ असते. काप या दोन्हींच्या लगेच बाहेर यावा. कड कापली तर जखम मोठी होते. ठोंब लांब ठेवला तर तो कुजतो आणि कुज आत शिरते. अमेरिकी वन सेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून हे दाखवून दिले, की झाड आपल्या जखमा माणसासारख्या बऱ्या करत नाही, तर त्यांच्याभोवती आतून भिंती उभारून कुज कोंडून टाकते, आणि त्या भिंतींची एक ओळ या फुगीर कडेत असते. १२ फुटांवरची कड खालून नीट दिसत नाही. शिकाऱ्याच्या गळ्यात दुर्बीण असतेच. कापण्याआधी तिच्यातून एकदा पाहून घ्यावे.

लांब फांदी टोकाकडून तुकड्यातुकड्यांनी काढावी. काप पूर्ण होताना करवतीचे सगळे वजन एकदम आपल्या हातात येते आणि टोक खाली कोसळू पाहते, त्यासाठी शेवटच्या क्षणी दांडा सांभाळून धरावा आणि बोट ट्रिगरवरून काढावे. पाते फांदीत अडकले तर हिसका देऊ नये. मोटर बंद करावी, बॅटरी काढावी, मग दुसऱ्या माणसाने बेचक्याच्या काठीने बाजूला उभे राहून फांदी किंचित वर उचलावी आणि पाते सरळ रेषेत बाहेर काढावे. पाच-सहा फांद्यांनंतर हात खाली घ्यावेत, कारण दमलेल्या हाताने दांडा नकळत उभा होत जातो आणि आपण फांदीच्या खाली सरकत जातो.

पडलेल्या फांद्यांची विल्हेवाट

फांद्या लगेच उचलाव्यात, नाहीतर हरणे त्या ओलांडण्याऐवजी वाट बदलतात. कधीकधी हेच आपल्याला हवे असते. नको असलेली पायवाट फांद्यांच्या ढिगाने बुजवली की हरणे आपोआप मोकळ्या वाटेने येतात, आणि त्या ढिगात सशांना आसरा मिळतो. लाकूड घरच्या शेकोटीसाठी दूरच्या गावी नेऊ नये. ॲशवरची कीड आणि ओकवरचा रोग दोन्ही सरपणाबरोबर प्रवास करतात.

करवत आणि बॅटरी घरी आल्यावर

घरी आल्यावर बॅटरी काढून, पात्याच्या खाचेतला आणि झाकणाखालचा भुसा ब्रशने साफ करावा. काम करताना तापलेली चेन थंड झाल्यावर आखडते, म्हणून ताणून ठेवलेली असेल तर थोडी सैल करून ठेवावी. कामात भुश्याऐवजी बारीक पूड पडू लागली असेल तर धार लावण्याची वेळ झाली आहे. बहुतेक पोल सॉवर तीन-अष्टमांश इंची लो प्रोफाइल चेन असते आणि तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, तरी आपल्या चेनसाठी कोणती कानस आणि कोणता कोन हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. पॉयझन आयव्हीचा संशय असेल तर दांडा आणि हातमोजे साबणाने धुवावेत आणि कपडे वेगळे टाकावेत.

लिथियम-आयन बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करू नये. तिच्या आतल्या पेशींचे कायमचे नुकसान होते, आणि बरेच चार्जर गार बॅटरी नाकारतातही. फेब्रुवारीत रानातून आणलेली बॅटरी आधी घराच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग चार्जरवर लावावी. रानात दुसरी बॅटरी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली तर ती वेळेला पूर्ण ताकद देते. दोन-तीन महिने वापर नसेल तर ती अर्धी भरलेली, कोरड्या आणि घरातल्या जागी ठेवावी. गॅरेजच्या बर्फाळ फळीवर नको.

शेवटी, 'आमच्या आंब्यांसाठी येताना एक घेऊन ये' असा निरोप गावाहून आला, तर एवढे तपासावे. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातसामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची संमती लागते आणि त्याहून मोठी प्रवाशाला नेता येत नाही. अमेरिकेतले बरेच चार्जर फक्त १२० व्होल्टवर चालतात, तेव्हा २३० व्होल्टच्या घरात चार्जर जळण्याची वेळ येऊ नये म्हणून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे इथेच वाचून घ्यावीत.